मादी डावीकडे

आमचा पर्चा सरांनी शेपटीला धरला. त्याला दुसरा शब्द नाही. कागदाचा एक कोपरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडून डोळ्यांसमोर उचलला, जरा फिरवला, खालून वाकून पाहिला आणि विचारलं, "हे कुणाकडून आलं?"

पुढे कळलं की सर सगळंच असं धरतात. प्राचार्यांचं परिपत्रक, बशीतली कचोरी, लग्नाची पत्रिका, पोस्टात भिजून आलेलं जर्नल. पंचवीस वर्षं उंदीर उचलून उचलून त्यांच्या बोटांना दुसरी पकडच उरली नव्हती. आणि प्रश्नही एकच उरला होता. कुणाकडून आलं?

मी म्हटलं, संघटनेकडून.

"संघटनेला आई असते की बाप?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्याशी थट्टा केलेली मला चालत नसे. नव्वदीनंतरची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये दर आठवड्याला एक नवी काचेची शोरूम उघडत होती, पिवळ्या पीसीओपुढे रांगा होत्या, आणि आम्ही चारपाच जण सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लावून सगळ्याच्या विरोधात होतो. परदेशी पेयाच्या बाटल्यांच्या, पेटंटच्या, फीवाढीच्या. त्या महिन्यात आम्ही कॉलेजच्या प्रवेश-फॉर्मच्या मागे लागलो होतो. फॉर्मवर ओळ होती, "पिता / पति का नाम". आईला जागाच नव्हती. पर्च्याचा मथळा माझा होता: "क्या हम सब आसमान से टपके?"

सरांनी तो मथळा वाचला. मग पर्चा टेबलावर ठेवला, अगदी हळूच, जणू तो पळून जाईल. म्हणाले, "मागणी बरोबर आहे. पण दहा वर्षं उशिरा मागून राहिले तुम्ही. माझ्याकडे येऊन बघा. माझ्याकडे आईचं नाव आधी येतं."

त्यांच्याकडे म्हणजे उंदरांकडे.

प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या भिंतीला टेकून एक लांबट खोली होती. दारात उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं, असा वास. पत्र्याचे पिंजरे, वर जाळी, आत लाकडाचा भुसा, आणि प्रत्येक पिंजऱ्यावर सलाइनची जुनी बाटली उलटी टांगलेली. पांढरे उंदीर. सर बुशशर्टाच्या खिशातून भिजवलेले हरभरे काढून त्यांना घालत, आणि मधेच दोन दाणे स्वतःच्या तोंडात टाकत. घरी गेल्यावर बायको आंघोळीशिवाय आत घेत नाही, असं ते अभिमानानं सांगत.

अर्ध्या कॉलेजला ते वेडे वाटत, उरलेल्या अर्ध्याला ते माहीतच नव्हते. इतर प्राध्यापक घरी शिकवण्या करून मजले चढवत होते. यांनी एक सराफी तराजू विकत घेतला होता, काचेच्या पेटीतला. त्यात रोज उंदराची पिल्लं तोलायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला संतापच आला. बाहेर देश विकायला काढलाय आणि हा माणूस सोन्याच्या तराजूत उंदीर तोलतोय. मी ते त्यांना तोंडावर सांगितलंसुद्धा.

"हो नं," ते म्हणाले. "तुम्ही देश वाचवा. मी एकवीसपैकी आजचे सात पिंजरे धुतो." आणि खरोखर धुवायला लागले.

ते काय करत होते, हे मला समजायला दोन महिने लागले. तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या एका पिंजऱ्यात एक बुटका नर जन्मला. आजारी नव्हता, खायचा-प्यायचा, फक्त आकार भावंडांच्या दोन-तृतीयांश. सरांनी त्याची जोडी नेहमीच्या मादीशी लावली. जवळजवळ निम्मी पिल्लं बुटकी झाली. ठीक. मग त्यातली एक बुटकी मादी घेतली, तिची जोडी नेहमीच्या नराशी लावली. एकही पिल्लू बुटकं नाही. सगळी धडधाकट.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेलं ते, संपलं. सरांनी त्या धडधाकट पिल्लांतले नर वाढवले आणि त्यांच्या जोड्या लावल्या. त्यांच्यातल्या काहींच्या पोरांत निम्मी पुन्हा बुटकी.

"म्हणजे आजीचं ते नातवात आलं," मी म्हटलं.

"आलं कुठून? मध्येही तेच होतं. आईकडून आलं तेव्हा गप्प बसलं. त्याच पोरानं पुढे दिलं, तेव्हा ते बापाकडून आलेलं झालं. मग बोललं." ते हरभरा चावत म्हणाले. "जनुक तेच. अक्षर तेच. फक्त कुणाकडून आलं, एवढाच फरक."

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बहुतेक वेळा दोन्ही काम करतात. पण थोड्या जनुकांवर देणाऱ्याचा ठसा असतो: बापाची प्रत जागी, आईची झोपलेली, किंवा याच्या उलट. आणि पुढची पिढी तयार करताना तो ठसा पुसला जातो आणि देणारा नर आहे की मादी हे पाहून नव्यानं मारला जातो. परदेशात उंदरांवरच हे दिसल्याचं छापून आलं होतं. त्याची झेरॉक्स कुणा मित्रानं सरांना पाठवली होती. मोठी यंत्रं, मोठ्या प्रयोगशाळा. मला वाटलं आता हे हळहळतील. ते म्हणाले, "चला. मी वेडा नव्हतो."

आणि समजत नसेल त्याला ते एक उदाहरण द्यायचे, जे त्यांना महागात पडलं असावं. म्हणायचे, "आपल्या विद्यापीठात बघा. अर्ज तोच, माणूस तोच, डिग्री तीच. खिडकीवर काय विचारतात? किसकी तरफ से आए हो? मंत्र्याकडून आलास तर जनुक जागं. स्वतःहून आलास तर झोपलेलं." हे त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यांच्या देखत सांगितलं. प्राचार्य स्वतः भोपाळहून एका चिठ्ठीवर आले होते. हसले सगळे. प्राचार्यही हसले. मोठा माणूस असा हसला की आपण टिफिन बंद करून निघावं.

मला मात्र नवा पर्चा सापडला होता. त्याच दिवशी घरी बसून लिहिला. "विज्ञान का फैसला: माँ की छाप मिटाई नहीं जा सकती!" खाली उंदराचं चित्र. छापायच्या आधी सरांना दाखवला, शाबासकीसाठी.

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पेपर तपासावा तसा तपासला. "फैसला" खोडलं. "मिटाई नहीं जा सकती" खोडलं आणि समासात लिहिलं, "प्रत्येक पिढीत पुसली जाते." चित्रातल्या उंदराचे कानसुद्धा दुरुस्त केले. मग म्हणाले, "माझ्या उंदरांत आईची प्रत गप्प असते आणि बापाची बोलते. हे छाप. छापतेस?"

मी पर्चा ओढून घेतला.

"नाही छापणार. मग माझा उंदीर मोर्चात नेऊ नकोस. त्याला घोषणा येत नाहीत."

मी चिडून म्हटलं की मग तुमच्या या शास्त्राचा उपयोग काय. ते म्हणाले, उपयोग नाहीच, त्यामुळे तर अजून कुणी विकत घेतलं नाही.

असे होते. बोलायला लागले की आपलंच नाक कापल्यासारखं वाटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा त्या वासात जाऊन उभे. मला पर्चेवाली म्हणायचे. "काय पर्चेवाली, आज कुणाला उखडायचं?" आणि हातात पाण्याची बाटली द्यायचे. बोलता बोलता अख्खी रांग भरून व्हायची.

त्यांच्या नोंदी वहीत नव्हत्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर होत्या, सुतळीनं बांधलेल्या. त्यात मथळे नाहीत, रकाने नाहीत. एका ओळीत दोन आकडे, मध्ये फुलीची खूण, पुढे पिल्लांची वजनं. उंदरांना नावं नव्हती, आकड्यावरून नर की मादी कळत नव्हतं. ते जागेवरून कळायचं. मादी डावीकडे, नर उजवीकडे. हा त्यांचा हट्ट नव्हता. या धंद्यातला नियमच आहे तो, जगभर. जोडी लिहिताना आई आधी. मला हे कळलं तेव्हा मी आनंदानं ओरडलेच असेन. फॉर्मवर जे आम्हाला मिळत नव्हतं, ते उंदरांना कधीपासून मिळालं होतं.

सर मात्र त्या सुमारास एका वेगळ्याच भांडणात होते. त्यांच्या आईची तिथी होती, म्हणून क्षिप्रेच्या राम घाटावर गेले होते. आपल्या जुन्या मराठी घरांचे तिथले पंडे, म्हणजे घाटावरचे उपाध्ये, ठरलेले असतात. शिंद्यांच्या वेळी कोण आलं, कुठून आलं, कुणाला किती मुलगे, सगळं त्यांच्या लांबट बहीत, वंशावळीच्या वहीत, सापडतं. सरांनी सात पिढ्या ऐकून घेतल्या. मग विचारलं, यात माझी आई कुठाय? जिची तिथी करून राहिलो आहे ती बाई?

पंडा म्हणाला, यजमान, वंश तर बापाचाच चालतो नं.

"उंदरांचा नाही चालत," सरांनी त्याला सांगितलं. पंड्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं म्हणे, की दक्षिणा आगाऊ घेतली असती तर बरं झालं असतं.

हे सांगताना सर हसत होते, पण मधेच थांबून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी हजारेक उंदरांच्या आया लिहून ठेवल्या आहेत. माझी कुठेच नाही." आणि लगेच, "चल, बाटल्या भर."

मग कंप्यूटर आला.

कॉलेजात फी घेऊन चालवायचा नवा कोर्स सुरू करायचा होता. त्याला लांबट, सावलीतली, एका दाराची खोली हवी होती. अशी खोली एकच होती. प्राचार्यांनी लिहून कळवलं की मूषकगृह बंद करण्याचा विचार आहे, कारण त्यातून काही निष्पन्न होत नाही. तरी न्याय व्हावा म्हणून बाहेरून एक तज्ज्ञ येतील, काम पाहतील, आणि ते म्हणतील तसं.

सरांनी ते परिपत्रक शेपटीला धरलं आणि पहिल्यांदाच विचारलं नाही, कुणाकडून आलं.

उंदीर दोन वर्षं जगतो. जोड्या लावणं थांबलं की ती वंशाची ओळ संपते, आणि बुटक्यांची ती ओळ जगात दुसऱ्या कुठल्या पिंजऱ्यात असल्याचं सरांना तरी माहीत नव्हतं. खोली गेली की दहा वर्षांचं काम म्हणजे रद्दी. एवढं सगळं एका पाहुण्याच्या एका भेटीवर होतं. आणि दाखवायला काय होतं? सुतळीत बांधलेल्या उत्तरपत्रिका.

"तुझं अक्षर चांगलं आहे," सर मला म्हणाले. "कुणाकडून आलं?"

वडिलांकडून, मी म्हटलं. माझे वडील रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. त्यांचं अक्षर आणि त्यांचे रकाने अख्ख्या स्टेशनात प्रसिद्ध. फूटपट्टी न हलवता ते अशी रेघ मारत की वाटे छापलीय.

"मग नक्कल तू कर. एक लांब रजिस्टर आण. नीट रकाने पाड. पाहुण्यांना बघताच कळलं पाहिजे."

मी तीन आठवडे बसले. संघटनेच्या दोन बैठका बुडवल्या, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. वडिलांची फूटपट्टी घेतली, त्यांच्यासारखी पेन्सिल टोकदार केली. रकाने पाडले, वर मथळे घातले. सरांच्या ओळी मी डोळे मिटूनही उतरवल्या असत्या: डावा आकडा डाव्या रकान्यात, उजवा उजव्यात, पुढे वजनं. सरांनी नंतर प्रत्येक आकडा तपासला. एक बोट त्यांच्या पानावर, एक माझ्या पानावर. सव्वा ग्रॅमची एक चूक सापडली, ती त्यांनी मला तीन दिवस ऐकवली. आकड्यांच्या वर काय लिहिलंय, ते त्यांनी पाहिलं नाही. मथळे कोण वाचतं?

तज्ज्ञ आले ते मोठ्या संस्थेतून, गोड्या पाण्यातल्या माशांचे अभ्यासक. गळ्यात आधीच हार होता, कपाळावर भस्म. येता येता प्राचार्यांनी त्यांना महाकालाचं दर्शन घडवलं होतं, आणि दुपारी मंगलनाथ दाखवायचं होतं. मधल्या वेळात विज्ञान. खोलीत ते दोन मिनिटं थांबले, नाकाला रुमाल लावून. मग सगळे शिक्षकांच्या खोलीत बसलो. मी पाणी द्यायच्या निमित्तानं तिथेच राहिले. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात हरभरे नव्हते.

पाहुण्यांनी रजिस्टर उघडलं. "वाह, क्या हैंडराइटिंग है," म्हणाले. मी फुलले. मग त्यांचं बोट वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"आपने जो नोट भेजा था, उसमें लिखा है, बौनापन पिता से आने पर दिखता है."

"जी."

"रजिस्टर में तो माता से आ रहा है."

सर म्हणाले, नाही, असं नाही. पाहुण्यांनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं आणि डाव्या रकान्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्या सुंदर अक्षरात, दोनदा गिरवून लिहिलं होतं: पिता. उजव्या रकान्यावर: माता.

सरांनी पाहिलं. मीही पाहिलं. त्या क्षणी मला ऐकू येणं बंद झालं असावं, कारण पुढचं मला पाण्याखालून ऐकल्यासारखं आठवतं. पाहुणे समजुतीच्या सुरात सांगत होते. छोटी माँ, छोटी कोख, कम दूध, छोटे बच्चे. इसमें नया क्या है, भाईसाहब? हमारी नौकरानी भी बता देगी.

आणि त्यांचं बरोबर होतं. हाच तर सगळा प्रश्न होता. बुटकी आई असेल तर पिल्लं बुटकी का, हे कुणीही सांगेल. बाप ना पोटात वाढवतो ना दूध पाजतो. त्याच्याकडून आलं तरच नवल होतं. मी दोन शब्दांत त्यांचं दहा वर्षांचं नवल काढून टाकलं होतं आणि त्याखाली पट्टीनं रेघ मारली होती.

सरांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. "मथळे उलटे पडले आहेत," ते हिंदीत म्हणाले. प्राचार्य तेवढ्यासाठीच थांबले होते. "अब टेबल पर बैठकर हेडिंग बदलेंगे?"

सर उठले आणि सुतळीचा गठ्ठा घेऊन आले. पाहुण्यांनी वरचं पान पाहिलं. यात तर हेडिंगच नाही. सर म्हणाले, मादी डावीकडे, हा नियम आपल्यालाही माहीत आहे.

"नियम मैं जानता हूँ. आपने माना कि नहीं, यह मैं कैसे जानूँ? आपका ही रजिस्टर उल्टा कहता है."

हातात पेन्सिल घेऊन टेबलावरच मथळा बदलणारा माणूस खोटाच दिसतो, मग तो कितीही खरा असो. सरांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. एक वाक्य पुरलं असतं: ही नक्कल माझी नाही, या मुलीची आहे. मी दारात उभी होते, पाण्याचा जग हातात. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांना म्हणाले, "मंगलनाथला उशीर होईल."

ते गेल्यावर आम्ही उंदरांच्या खोलीत गेलो. सरांनी एक पिंजरा उघडला, एक बुटका उचलला, तळहातावर ठेवला.

"मुद्दाम केलंस?" त्यांनी विचारलं. "आईला बोलतं करायचं होतं? माझ्या रजिस्टरचा पर्चा केलास?"

खरं सांगते, तेवढ्यापुरतं वाटलं की हो म्हणावं. मुद्दाम करणारी बाई निदान कुणीतरी असते. पण मी मुद्दाम नव्हतं केलं. डोक्यात काही न येता केलं होतं. पट्टी ठेवली, दोन रकाने पाडले, पहिल्यावर बाप लिहिला, दुसऱ्यावर आई. रेशनकार्डावर असतं तसं, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. सहा महिने ज्याच्याविरुद्ध मी पर्चे वाटत होते, त्याच फॉर्मसारखं.

"नाही सर," मी म्हटलं. "फॉर्म भरतात तसं भरलं."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. हातातला उंदीर दचकून मनगटावर चढला तरी हसत होते.

"म्हणजे चूक कुणाकडून आली?"

"वडिलांकडून," मी म्हटलं.

"म्हणून बोलली," सर म्हणाले, आणि उंदीर पिंजऱ्यात ठेवून जाळी लावली.

खोली गेली. प्राचार्यांनी सुचवलं की उंदीर चिंतामणच्या गणपतीला सोडून द्या, पुण्य लागेल. सर म्हणाले, गणपतीला एक वाहन पुरतं. नेहमीचे उंदीर दुसऱ्या एका कॉलेजानं नेले. बुटके कुणी घेतले नाहीत, माल कमकुवत म्हणून. ते दोन पिंजऱ्यांत सरांच्या गच्चीवर गेले, बायकोच्या एका अटीवर: नवी पिल्लं नकोत. नर वेगळे, माद्या वेगळ्या. दोन वर्षांत एकेक करून संपले. मी अधूनमधून जायची. सर त्यांना सकाळ-संध्याकाळ तोलायचे, कशासाठी ते मी विचारलं नाही. कंप्यूटरच्या खोलीला वास राहिलाच. पावसाळ्यात मुलं नाकाला रुमाल लावून माउस हलवायची.

आणि हो, आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर "माता का नाम" ही ओळ आली. बापाच्या ओळीच्या खाली. आम्ही पेढे वाटले. सरांना दिला, त्यांनी तो चिमटीत धरला, फिरवून पाहिला. मग खाल्ला.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे नागपूरला गेले. एक-दोन पत्रं आली. नंतर मुलीचाच फोन आला. तिला सरांच्या अस्थी क्षिप्रेत सोडायच्या होत्या, आणि उज्जैनीत तिला आता माझ्याशिवाय कुणी आठवत नव्हतं. देवास गेटला बसमधून उतरली तेव्हा पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. आई आली नाही, म्हणाली, गुडघे.

राम घाटावर त्याच पंड्याच्या मुलानं बही काढली. विधी उरकले, मग त्यानं पानं उलटत सात पिढ्या वाचल्या. शेवटच्या नोंदीपाशी अडखळला. "हे सरांनी स्वतः लिहिलं," म्हणाला. "वडिलांशी भांडून लिहिलं." त्यानं पान आमच्याकडे वळवलं. उत्तरपत्रिकांवरचंच अक्षर. आधी सरांच्या आईचं नाव. मग फुलीची खूण. मग वडिलांचं नाव. पुढे सरांचं. खाली लिहिल्याची तिथी होती. पाहुणे येऊन गेले त्याच आठवड्यातली.

पंड्यानं मुलीपुढे पेन धरलं. आता तुमची नोंद. तिचे हात ओले होते, डोळेही. तिनं पेन मला दिलं. "तुम्ही लिहा. बाबा म्हणायचे, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी बही मांडीवर घेतली. लिहायला लागले. पहिलं अक्षर काढून झालं आणि हात थांबला. ते अक्षर सरांच्या नावाचं होतं. हात पुन्हा बापाकडेच निघाला होता, इतक्या वर्षांनंतर, त्यांच्याच नोंदीखाली.

मी खोडायला गेले तर पंड्यानं माझं मनगट धरलं. "बहीत खोडत नाहीत, ताई. जे लिहिलं ते लिहिलं."

त्या एका अक्षराकडे मी पाहत बसले. डावीकडे बोटभर समास होता, लाल रेघेच्या पलीकडे, कोरा. मी मुलीला विचारलं, आईचं पूर्ण नाव काय. तिनं सांगितलं.

"समासात कुणी लिहीत नाही," पंडा म्हणाला.

अक्षर बारीक करावं लागलं. शेवटचा काना रेघेवर चढला. मग फुली काढली, आणि सरांचं नाव पुरं केलं.